अकरा दिवसांची शून्य पावलं

जेलुटोंग, पेनांग
९ मार्च

कियान हॉक यास ताईचा आशीर्वाद.

"अकरा दिवस शून्य पावलं, आईला काय केलंस?" असं विचारायला जीभ बरी वळली तुझी. सिंगापुरात बसून पडद्यावर आईची पावलं मोजतोस. दोन वर्षांत येऊन तिचा पाय एकदा तरी बघितलास? फोनवर बोलले तर ती शेजारीच असते, म्हणून लिहितेय.

तुझी चिप पहिल्यांदा माझ्याच ठेल्यावरच्या डुकराच्या मांसात पुरलीस. बाहेरून तारेशिवाय वीज आत पोचते का बघायला. "ताई, चरबी अजून जाड काप." दिली कापून. मग तीच आईच्या लुळ्या पायात बसवलीत. वरून ती वीज देणारी चकती बांधली की आतली नस जागी होते, पाऊल उचलतं. आई चालली, तुझ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. तू गेलास.

आता पुढचं ऐक. चालता यायला लागल्यापासून ती रोज सकाळी बसथांब्यावर जायची. तुझ्याकडे यायला. पिशवीत तुझ्यासाठी खारवलेली बदकाची अंडी. तीनदा ठेला उघडा टाकून तिला ओढून आणली. चौथ्यांदा गटारात सापडली. तोंड फुटलेलं, पिशवी वर धरलेली. एकही अंडं फुटलं नव्हतं.

त्याच दिवशी मी चकती काढली. बिस्किटाच्या डब्यात आहे, कुलपात. बिघडलेली नाही.

पाय का मेला म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, "तुझ्या लेकाने तिकडून बंद केला. तू त्याला तिथे नकोयस."

वाटलं, आता तरी तुला शिव्या देईल. ती म्हणाली, "त्याचं काही काम अडलं असेल. फोन करून त्याला त्रास देऊ नकोस."

तेव्हापासून रोज तो पाय दोन्ही हातांनी उचलून बाकावर ठेवते आणि वाट बघते, तू कधी चालू करतोस याची. मी खरं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

चिंगमिंगला, पितरांच्या सणाला, बाबांच्या थडग्यावरचं गवत काढायला टेकडी चढायचीय. एकुलता मुलगा तू. त्याआधी ये, चकती आपल्या हाताने बांध, आणि कुणी बंद केली होती ते तिला तूच सांग. तुझं नाव घ्यायचं की माझं, तू ठरव.

वीस मार्चपर्यंत उत्तर पाहिजे. नाही आलं तर चकती ठेल्यावरच्या टाकाऊ हाडांच्या पिंपात जाईल, आणि तू पाय कायमचा बंद केलास असं मी तिला सांगेन. तरी ती तुझीच बाजू घेईल.

जिच्यासाठी आईने कधी अंडी खारवली नाहीत ती,
सिऊ बी