शुक्रवारची फुकट शिलाई

शुक्र. ७ नोव्हें.
आणि वर मलाच बोलते! मी एवढंच म्हटलं, आई, दर महिन्याला पैसे येतात ना, मग ते जीन्सचे गठ्ठे घरात कशाला आणतेस? बारा वर्षं झाली. पँटला लोंबणारे धागे कापायचे, नगामागे रुपया-दीड रुपया, की पुढची पँट. डोळ्यांतून पाणी गळतं, डॉक्टरकडे जा म्हटलं तर जात नाही. बहीण पिंकी सांगते, तांदळातले खडे आता आईला दिसत नाहीत, पिंकीलाच निवडायला बसवते. मी विठ्ठलवाडी सोडून जॉर्डनला आलो तो कशासाठी? हे बंद व्हावं म्हणून.
ती: "तू सुट्टीच्या दिशी जाऊन लोकांचं फुकट शिवतोस ते पुण्य. मी पैसे घेऊन कापते तर तुझी इज्जत जाते काय रं?"
फोन मी कापला. नको होता कापायला.

रवि. ९
आठवडाभर कंपनीत शिवायचं आणि शुक्रवारी सुट्टीला पण शिवायचं. वेडाच आहे मी, शमीम बोलतो. पण घेऊन गेला तोच. (बिहारचा, माझ्याच खोलीत, सहा वर्षं इथे, अरबी फाडफाड.) मशिदीच्या मागे एक हॉल. लोक जुने कपडे देतात, ते नीट करून लढाईतून पळून आलेल्या माणसांना वाटायचे. मशिनी पाच, चालू दोन. मी पहिल्या दिवशी तिसरी चालू केली. तेल नव्हतं, बाकी काही नाही.
पगार नाही. पुदिन्याचा चहा. आणि सातवी नापासाला तिथे सगळे उस्ताद म्हणतात. घरी कधी कुणी...

शुक्र. १४
इज्जतीचा फालुदा.
जीन्सचं पोतं आलं. तू जीन्सवाला, तूच निवड, हॉलमधले बोलले. फाटक्या इकडे, चांगल्या तिकडे. अर्ध्या तासात दोन ढीग लावून ऐटीत उभा. मग उम्म खलील आली. सत्तरीची, हॉल तीच चालवते. इथे बाईला मोठ्या पोराच्या नावाने ओळखतात, ही खलीलची आई. कुळगावला आजोळी पण तेच, आईला अजून "नित्याची आय" म्हणतात.
तर तिने माझ्या चांगल्या ढिगातली एक पँट उचलली. गुडघ्याच्या भोकातून हात घातला आणि माझ्याकडे बघून पाची बोटं हलवली. सगळा हॉल हसला.
माझ्या डोक्यात आलंच नाही. कडा साफ, आडवे धागे शाबूत, एकदम बरोबर भोक. मी पास केली. सहा वर्षं उल्हासनगरात ग्राइंडरने नव्या पँटला हीच भोकं पाडली ना. तिथला सिंधी सेठ म्हणायचा, "साईं, जितनी फटी, उतनी महँगी."
उम्म खलील बोलली ते शमीमने सांगितलं: "इथे बर्फ पडतो. म्हाताऱ्याचा गुडघा फॅशन करत नाही."
संध्याकाळपर्यंत सत्तावीस पँटना आतून ठिगळं. जन्मभर पाडलेली भोकं बुजवायची तर किती शुक्रवार लागतील, जाऊ दे.

मंगळ. १८
आईला फोन. पहिली दोन मिनिटं हं, हूं. मग भोकाची गोष्ट सांगितली. एवढी हसली की खोकला आला.
"हाताएवढं भोक दिसलं नाय तुला! आन् मना डोळ्याच्या डॉक्टरकडं धाडतोस?"
मी म्हटलं, मग मी इथे दाखवतो, तू तिथे दाखव.
"बघू."
बघू म्हणजे आईचं अर्धं हो. बरं वाटलं. त्या भांडणानंतर आज जेवण पण नीट गेलं.

शुक्र. २१
उम्म खलील बटणं लावत होती. सुईचं नेढं दिसत नाही, दोऱ्याचं टोक ओठात ओलं करते नि अंदाजाने ओवते. मी सुई घेतली हातातून. तुम्ही बसा, मी करतो, असं खुणेने. तिने माझ्या मनगटावर चापट दिली. चांगलीच लागली. मग बोलत सुटली.
शमीम: "बोल रही है, सुई ले लेगा तो क्या घर जाके दीवार देखूँ?"
मी सुई परत दिली. हे बोलणं ऐकलेलं होतं मी. दुसऱ्या भाषेत, विठ्ठलवाडीत. तेव्हा नीट ऐकलं नव्हतं.

गुरु. २७
आई गेली डॉक्टरकडे! पिंकीने रिक्षात घालून नेली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय, आताच ऑपरेशन नको, तीन महिन्यांनी परत बघू. बारीक काम कमी करा.
आई: "कमी बोलला. बंद नाय बोलला."
पिंकीने फोन ओढून घेतला: "दादा, तिचा धागे कापायचा कटर बोथट झालाय. नवा चाळीसला मिळतो, मी आणून देत नाही. तूच बंद कर तिचं सगळं."


शुक्र. २८
उम्म खलीलला शमीमकडून सांगितलं, माझी आई पण धागे कापते, डोळा अधू झालाय. तिने विचारलं, उजेड कुठल्या बाजूने येतो? मला सांगता येईना. विठ्ठलवाडीच्या त्या खोलीत वीस वर्षं राहिलो. तिने तिचा दिवा दाखवला, भिंगवाला, टेबलाला अडकवायचा, भिंगाखाली धागा सुतळीएवढा दिसतो. मग स्वतः विणलेली लोकरीची टोपी माझ्या डोक्यात घातली, कान झाकेपर्यंत ओढली. पोरगं शाळेत पाठवतात तशी.
ह्या बाईसाठी मी काय केलं होतं? एका मशिनीला तेल घातलं, बस.

शनि. ६ डिसें.
पगार झाला. आईने नवे गठ्ठे आणलेत की नाही, विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. उजेड डाव्या बाजूने येतो, पिंकीने बघून सांगितलं.
घरचे नेहमीचे चौदा हजार. भिंगवाल्या दिव्याचे अकराशे. वरचे चाळीस कशाचे ते आईला कळेल. पिंकी चिडेल.
पाठवले १५,१४०.