आप्पांच्या बंडीतली डिजिटल डायरी

आप्पा, तुमचं तोंडभरून कौतुक करायचं मला कधी जमलं नाही. आपला दोघांचा स्वभाव एकच, राग नाकावर आणि माया कुठंतरी कुलपात. पण आज सांगून टाकते, तुमचा मला लई अभिमान होता. गेवराईपासून तलवाड्यापर्यंत लग्न म्हटलं की आचारी तुम्हीच, बुंदी तुमचीच. लोक सुपारी द्यायला यायचे, म्हणजे लग्नाचं काम ठरवायला, आणि त्या सगळ्या सुपाऱ्या तुमच्या डोक्यात असायच्या. वही नाही, चिठोरं नाही. कुणी तारीख सांगायला लागलं की तुम्ही तोंड वाकडं करायचा. "तारखेचं मला काय सांगता बे? तिथी बोला." आणि एकदा ऐकलेली तिथी गावासकट, जेवणाऱ्या पानांच्या आकड्यासकट, कायमची पाठ. मी शाळेत मैत्रिणींपुढे मिरवायचे, आमच्या आप्पांच्या डोक्यातच पंचांग आहे म्हणून.

आणि त्याच तिथीनं घात केला. एका घरचं लग्न पंचमीचं, दुसऱ्या घरचं षष्ठीचं. तुम्ही दोन दिवस धरले. पण त्या दिवशी दुपारीच पंचमी संपून षष्ठी लागत होती. सकाळच्या मुहूर्तवाल्यांनी सांगितली पंचमी, संध्याकाळच्या गोरज मुहूर्तवाल्यांनी षष्ठी, आणि दिवस मात्र एकच! तुम्ही तिकडं पहिल्या मांडवात भट्टीपुढं, आणि इकडं आपल्या दारात दुसऱ्या गावची जीप उभी. "आचारी कुठंयत? वऱ्हाड येऊन बसलंय की!" बीडहून सुट्टीला घरी आलेली मी त्याच जीपमध्ये बसून तुम्हाला आणायला आले. पहिली पंगत टाकून तुम्हाला उठता येईना. आपण पोचलो तोवर त्या गावच्या बायकांनी घरोघरी भाकरी थापून, पिठलं ढवळून वऱ्हाड जेवू घातलं होतं. लग्नात पिठलं, आप्पा! नवरीचा बाप मांडवाच्या खांबाला टेकून बसलाय, कुणाच्या नजरेला नजर देत नाही. तुम्ही डोक्याचा फेटा काढून हातात घेतलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "चूक माझी हाय. ह्या घराकडं कुणी बोट दावू नका." मी तुमच्या मागं उभी होते. त्या क्षणी तुम्ही मला जेवढे मोठे दिसलात तेवढे कधीच नाही.

घरी येऊन तुम्ही झारे, कढया पोत्यात बांधल्या. "आता बास. डोकं दगा द्यायला लागलं. शब्द पाळता येत न्हाई तर द्यायचा कावून?" आईनं समजावलं, काकांनी समजावलं, तुम्ही पोत्याची गाठ आणखी आवळलीत. तुम्ही काम सोडलं असतं तर खायला कमी पडलं नसतं, पण नुसते ओसरीवर बसून राहिलेले तुम्ही मला बघवत नव्हते. मी तेव्हा बीडला एका वकिलांकडे टायपिस्ट. वकीलसाहेब खिशातून काळी डबी काढायचे, टकटक बटणं दाबायचे, आणि महिन्यानंतरची कोर्टाची तारीख कुठल्या केसला दिलीय ते समोर! डिजिटल डायरी म्हणे. माझ्या डोक्यात तिथंच घंटा वाजली.

दुकानदार भारी बोलका. "ताई, आता डायरी कोण घेतं? पेजर घ्या, नाहीतर सरळ मोबाइल. वडील कुठंही असू द्या, निरोप पोचतो." मी म्हटलं, "आमच्या गावात रेंज येते का?" तो म्हणाला, "येईल की लवकरच." म्हटलं, "मग तोवर दर महिन्याचं बिल मी कशाचं भरू, रेंजची वाट बघायचं?" मला बिलाबिगरची, एकदा घेतली की आपली अशी वस्तू हवी होती. त्यानं तीन डायऱ्या काचेवर मांडल्या. सगळ्यात स्वस्त होती तिच्यात नुसते फोन नंबर बसायचे. सगळ्यात महाग होती तिच्यावर बारक्या काडीनं लिहायचं. तेलकट बोटांची माणसं काडी कुठं सांभाळणार? मधलीला बटणं होती, कॅलेंडर होतं, आदल्या दिवशी वाजायची सोयही होती. मी ती बाहेर उन्हात नेऊन आकडे दिसतात का पाहिले. मग म्हटलं, "आता सेल काढून परत घाला." तो वैतागला. "कशाला?" "आत भरलेलं पुसलं जातं का बघायचंय. ह्याच्यावर माणसाची अब्रू ठेवायचीय." आत दुसरा छोटा सेल होता, काही पुसलं गेलं नाही. तेव्हा कुठं पिशवीत घातली.

तुम्ही ती उलटसुलट केलीत. "तिथी दावतं का?" "नाही." "मंग काय कामाचं?" वर अक्षरं सगळी इंग्रजी, तुम्हाला येणारे फक्त आकडे. आपण ओसरीवर पंचांग उघडून बसलो. तुम्ही तिथी सांगायची, मी पंचांगातून तिची तारीख काढून दाखवायची, बटण तुम्ही दाबायचं. गावांना नंबर द्यायची युक्ती तुमचीच. तलवाडा एक, गेवराई दोन, असं करत एकतीस गावं, तीही तुम्हाला चार दिवसांत पाठ! म्हटलं ना, डोकं शाबूत होतं. आठवड्यानं तुम्हीच म्हणालात, "बरं हाय गं हे. धा बार इचारलं तरी वैतागत न्हाई." आणि पोतं सोडलंत.

पुढच्या सीझनला एका मोठ्या पुढाऱ्याचा माणूस आला. तुम्ही बंडीच्या आतल्या खिशातून डायरी काढलीत, पंचांग बघितलंत, बटणं दाबलीत. "न्हाई जमायचं. त्या दिवशी सात नंबरला हाय मी." सात नंबर म्हणजे तेच पिठल्याचं गाव. त्याच माणसानं धाकट्या लेकीच्या लग्नाला पुन्हा तुम्हालाच बोलावलं होतं. "अहो, साहेबांच्या घरचं लग्न हाय!" "असंल. शब्द दिलाय, दिलाय." मी दारातून ऐकत होते. ऊर भरून येणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. मग तुम्ही चारचौघांत सांगत सुटलात, माझं डोकं म्हातारं झालं होतं, पोरीनं नवं आणून दिलं. लोक मला शाबासकी द्यायचे. मी घ्यायचे.

आता खरं सांगते. त्या षष्ठीच्या लग्नाचे पाहुणे आले तेव्हा तुम्ही बाहेरगावी होता आणि सुट्टीला आलेली मी तुमच्या जागी बसून सुपारी घेतली होती. त्यांनी तिथी सांगितली, तशी तारीखही सांगितली होती, अगदी स्पष्ट, दोनदा. मला वाटलं, तारीख कळवली तर आप्पा हसतील, म्हणतील आचाऱ्याची पोर असून तिथीवर भागत नाही हिचं. म्हणून मी तुम्हाला नुसती षष्ठी सांगितली. तारीख सांगितली असती तर दोन्ही लग्नं एकाच दिवशी येतात हे तुम्ही तिथंच ओळखलं असतं. तुमच्या डोक्यानं कधीच दगा दिला नव्हता, आप्पा. मी दिला होता. आणि तुम्ही जाईपर्यंत स्वतःलाच म्हातारं म्हणत राहिलात. एका वाक्याचं काम होतं, ते तुम्ही समोर असताना माझ्याच्यानं झालं नाही.