टर्बोची किल्ली

रविवार, ८ ऑगस्ट १९९३
हॉर्नबी

लायसन्स मिळून दोन महिने झाले आणि गाडीची किल्ली अजून नवऱ्याच्याच खिशात.

आज संध्याकाळी म्हटलं, गाडीने डेअरीवर जाऊन दूध आणते. नेमकं तेव्हाच रेडिओवर कोणीतरी तावातावाने सांगत होता, नवशिक्यांना असल्या सुसाट पळणाऱ्या टर्बो गाड्या चालवू देऊ नका, तसा कायदाच करा. झालं! श्रीकांतने आवाज मोठा केला. "ऐकलंस? मी काय वेगळं सांगतो?"

अरे, तो उनाड पोरांबद्दल बोलत होता! मी चव्वेचाळीस वर्षांची नर्स आहे, आख्खा वॉर्ड सांभाळते. आणि ही जपानी टर्बो हवी कोणाला होती? मी लहान गाडी घेऊ म्हणत होते.

शेवटी चालतच गेले. इकडे ऑगस्ट म्हणजे ऐन हिवाळा, थंडीने बोटं बधिर झाली. वाटेत वाटलं, होऊच दे कायदा. मग टर्बो विकावी लागेल, माझ्याजोगी गाडी येईल. घरी येऊन तसं बोलूनही दाखवलं.

"विकायची कशाला? मी आहे ना सोडायला," म्हणाला आणि खिशातली किल्ली चाचपली.

कायदा अजून झालेलाही नाही. आमच्या घरात मात्र लागू झाला.