तिसरं पानी

३ एप्रिल, अकोला.
दर्यापूर सोडलं एकदाचं. कॉलेजच्या रसायनशाळेत बाटल्या धुवाचं काम भेटलं, मांगं राहाले खोली बी. नळ सहाव्या दिवशी येते, तेवढं सोडलं तर झकास. भागीरथा, माही बुढी बायको, खूश. तिले साखरेची बिमारी, दवाखाना जवळ आला. प्रतीक्षा मॅडमनं वही देल्ली, रोज काय धुतलं ते लिवा मने. पानं लय हायेत, बाकीचं बी लिवतो.

५ एप्रिल.
मॅडम बाटलीत जीव बनवून राहिल्या. दुनियेत पयला जीव कसा झाला ते पाहाचं मने. म्हनलं पाहा. त्यायचं द्रव्य स्वतःच स्वतःचं विरजन हाये. थेंबाचे दोन, दोनाचे चार. साखर भेटली की झालं. आंधी काईच दिसत नाई, मंग एकदम. बाटली तीनदा धुवाची अन् तिन्ही पानी तेजाबाच्या कॅनमंदी ओताचं, असं दहा खेप सांगतलं.

७ एप्रिल.
तिसरं पानी मशीनमधून गाळलेलं, काचेसारखं. ते तेजाबात ओतनं म्हंजे माज. इथं लोक गुंडभर पान्यासाठी भांडतात. घरी आनून पेयाच्या ड्रमात टाकलं. भागीरथेनं नाक मुरडलं. म्हनलं, तुह्या माहेरच्या हिरीपेक्षा साफ हाये. मने, त्याच हिरीचं पानी तुमची वरात ढसाढसा पेली, तवा काहून नाई बोलले.

१३ एप्रिल.
काई नाई. ऊन. कंबर धरली. बाटल्या अठ्ठावीस.

१६ एप्रिल.
भागीरथेची साखर उतरली. डॉक्टरनं गोळी अर्धी केली. पान्याचा गुन. आता लोट्यावर लोटे पेते. मी बी पेतो.

१९ एप्रिल.
ड्रमावर साय आली. काढून फेकली. चहा होईस्तोवर परत आली, जाड. भागीरथा मने पानी बुळबुळीत लागते. नखरे. पन तिच्या ओठावर बी तीच साय. पुसली.

२० एप्रिल.
साखर लय खाली गेली. गूळ चारला की साय वाढते. नाई चारला की भागीरथा थरथरते. चारतो, पुसतो. चारतो, पुसतो. थकलो.

२१ एप्रिल, सकाळ.
मॅडमले सांगतलं. रागावल्या नाई. किती दिवस झाले, एवढंच इचारलं. चौदा. त्यायनं फोन काढला. दवाखान्याची गाडी बोलावते मने, तुमी आंधी ड्रमात तेजाब ओता. ड्रमात ओतता येते. बुढीच्या आंगात काय ओतू—

दुपार.
कॅन घेऊन ड्रमापाशी गेलो. सायीले नाक आलं. कपाळ. भागीरथेचं. गोंदन बी तिथंच. हात उठला नाई—

गाडी नाई आली अजून.
खाटेवर तिचं तोंड सायीनं मिटलं. बोटानं फाडतो, परत जुळते. डोळे उघडे, माह्याकडं—
हाक ऐकू येते. अवो, गूळ द्या. तिचाच आवाज. ड्रमातून.
खडा एकच उरला. खाटेवरचीले देतो म्हनलं, तिचं तोंड— अन् तिकडची रडून राह्यली, मी बी तुमचीच भागी—