उलट्या पिळाची गाठ

पोलादपूर,
संक्रांतीचा दुसरा दिवस, १९६१

प्रिय महिपती,

तुझे गोल्फचे तिन्ही चेंडू मला दिवाळीतच पोचले. तुझ्या क्लबातल्या मुरारीने ते बिस्किटांच्या डब्यात, कापसात गुंडाळून, मुंबईपासून मांडीवर धरून आणले. डबा टपावर ठेव म्हणून कंडक्टरने सांगितलं तर हा त्याच्याशी भांडला म्हणे. म्हणजे तू त्याला चांगलाच दम भरला असणार. आत तुझी चिठ्ठी होती : ‘चेंडू पुढे पाठवतो, मी मागाहून येतो. तोवर तिघांत खरा कोणता ते बघून ठेव.’ पोचल्याचं पत्र मी लगेच टाकलं. त्याला उत्तर नाही. नंतर आणखी एक टाकलं, त्यालाही नाही. लिहायचं म्हटलं की तुझ्या हाताला मुंग्या येतात हे मला जुनं ठाऊक आहे, म्हणून मनावर घेतलं नाही. आधी कामाचं लिहितो.

मुरारी सांगत होता, होळीच्या सुमाराला तुम्हा पिशव्या वाहणाऱ्या कॅडी लोकांचा सामना आहे आणि त्यात जो पहिला येईल त्याला क्लब नवशिक्यांना खेळ शिकवायला ठेवणार आहे. बरं झालं. सावलीतलं काम, पळापळ नाही. तुझी छाती आता पळण्याची राहिलेली नाही. तू ते कबूल करणार नाहीस, पण गणपतीत आमच्या वाडीची चढण तू बसत बसत चढलास आणि दर वेळी चपलेचा अंगठा तपासल्याचं सोंग केलंस ते मी पाहिलं होतं. तेव्हा आता चेंडू निवडण्यात चूक होऊन चालणार नाही. दम कमी पडणाऱ्या माणसाच्या हातात कोणता चेंडू द्यायचा, हा प्रश्न साधा नाही, आणि तो विचारायला तू योग्य माणूस गाठलास एवढं म्हणतो.

तुझ्या वहिनीला याचं हसू येतं. तपेल्यात मिठाचं पाणी करून मी चेंडू तरंगत ठेवला तेव्हा म्हणाली, "चेंडवाना आंघोळ घालण्यापरीस म्हशीला तरी घाला." तिला समजावलं की चेंडूच्या पोटात रबराची पिशवी असते, तिच्यात पातळ द्रव, भोवती रबराचा दोरा ताणून ताणून गुंडाळलेला आणि वर कातडी. पिशवी जरा जरी एका अंगाला सरकलेली असली तरी असा चेंडू हिरवळीवर सरळ जाणार नाही. म्हणून वर शाईचा ठिपका द्यायचा, बोटाने गिरकी द्यायची आणि तोच ठिपका फिरून वर येतो का ते बघायचं. हे मला कुणी शिकवलेलं नाही. साहेबांनी फेकलेल्या वेष्टणांवरून मी इंग्रजी शिकलो आणि फुटके चेंडू उसवून बाकीचं. तुझे तिन्ही चेंडू निर्दोष निघाले. फक्त लाल आकड्याच्या चेंडूला मी उजवी गिरकी दिली, तो थांबला, आणि मग सावकाश, कुणी बोट लावल्यासारखा, डावीकडे फिरायला लागला. पाणी हललं असेल. तपेलं चुलीजवळ होतं.

आता माळावरचं. तो मोडका ड्रायव्हर, लांब मारायची काठी, माझ्याकडे अजून आहे, त्याला मी स्वतः तासून चिव्याच्या बारीक बांबूची दांडी बसवली आहे आणि ती क्लबातल्या कुठल्याही दांडीच्या तोंडात मारेल अशी आहे. उभं राहण्याची जागा एकच, वेळ एकच, घाटाकडून वारा उतरायच्या आधीची. नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. लाल आकड्याचा विलायती चेंडू पातळ कातडीचा, नख दाबलं तर उमटतं. तो मारताना हाताला धक्का म्हणून लागत नाही. मळलेल्या पिठाच्या गोळ्यावर थाप बसावी तसं वाटतं, आवाजही तसाच दबका. फिरकी सगळ्यांत जास्त. पडल्यावर एक उडी घेतो आणि वेसण ओढल्यासारखा जागच्या जागी थांबतो. पण पल्ला कमी आणि घाव तिरका बसला तर कातडी फाटणार. काळ्या आकड्याचा जाड कातडीचा आहे. तो मारला की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात, पण जातो सगळ्यांत लांब. पडल्यावर मात्र सुटलेल्या खोंडासारखा धावतो, त्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. निळ्या आकड्याचा अमेरिकन अंगाने किंचित मोठा. मी तांब्याच्या तारेचं कडं केलं आहे, त्यातून बाकीचे दोन जातात आणि हा अडकतो. उंच चढतो, वारा पाठीशी असला तर बघत राहावं असा, पण समोरून वारा आला की वरच्या वर घुटमळतो. थोडक्यात, लाल पडतो करवंदीच्या जाळीअलीकडे, निळा जुन्या वारुळाशी आणि काळा पांढऱ्या कातळाच्या पलीकडे. घाव नीट बसला तर तिघेही आपापली जागा सोडत नाहीत, आणि माझा घाव नीट बसतो.

वहिनीने एकदा विचारलं, तुम्ही महिपतीभावोजींना आगेवाला म्हणता, ते काय असतं? मी म्हटलं, साहेब चेंडू मारायच्या आधीच एक माणूस पुढे जाऊन उभा राहतो, कपाळावर हात धरून. चेंडू कुठे पडला ते बघतो, तिथे खूण करतो आणि आपण पोचायच्या आत आणखी पुढे जातो. मागच्यांना तो जवळून क्वचितच दिसतो, त्याची खूण तेवढी भेटते. ती म्हणाली, "ह्ये तर भुताचं काम झालं." तेव्हा मी हसलो होतो. मी क्लबात होतो तेव्हा बाकीचे आगेवाले काटकी रोवायचे नाहीतर फडकं टाकायचे. तू चेंडूशेजारच्या गवताच्या झुबक्याला पीळ देऊन गाठ मारायचास. आपल्याकडे दोर वळणारा कुणीही उजवा पीळ देतो. तू डावखुरा, म्हणून तुझा पीळ उलटा. मी पिशवी खांद्यावर घेऊन मागून यायचो आणि गाठीला नुसतं बोट लावलं तरी कळायचं की आज पुढे तू आहेस, दुसरा कुणी नाही. आणि साहेब मारायला उभा राहिला की तू खोकला दाबायला टॉवेल तोंडात धरायचास, तेही मला लांबून दिसायचं.

हे सगळं तुला ठाऊक असलेलं परत का लिहितो आहे? कारण मार्गशीर्षात एका सकाळी काळा चेंडू कातळापलीकडे गेला. तिथलं गवत कापून झालंय, वीतभर झुबके तेवढे राहिलेत. मी शोधत गेलो तर चेंडू सापडला आणि त्याच्याशेजारी झुबक्याला गाठ मारलेली. मला वाटलं, गवत कापणाऱ्या बायांनी काहीतरी चाळा केला असेल. वाडीतली तुळसा त्या बाजूला लाकडं गोळा करायला येते, तिला विचारलं. ती म्हणाली, "आमाला भारा बांदता बांदता कंबर ऱ्हात नाय, त्या गवताला गाठी कोन मारील?" मग वाकून बोट लावलं. पीळ उलटा होता. मी स्वतः शेजारच्या झुबक्याला तसा पीळ देऊन बघितला. माझ्या हाताला तो येत नाही. येतो, पण सैल येतो.

दुसऱ्या दिवशी लाल चेंडूशेजारी गाठ, मग निळ्याशेजारीही. तरी मी काम थांबवलं नाही. काय खटकतंय ते मला सांगता येत नव्हतं, आणि जे सांगता येत नाही ते मी धरून चालत नाही. मग एके दिवशी ते ध्यानात आलं. गाठीवर दव होतं. मी सूर्य वर आल्यावर चेंडू मारलेला, आणि गाठ पाण्याच्या थेंबांनी भरलेली, एकही थेंब मोडलेला नाही. चेंडू पडल्यावर कुणी गाठ मारली असती तर बोटांनी दव पुसलं गेलं असतं. म्हणजे गाठ आधीची होती आणि चेंडू नंतर येऊन तिच्याशेजारी पडला होता. मग मी लबाडी केली. पाठ फिरवून सावित्री नदीच्या बाजूला मारला, जिकडे मी कधीच मारत नाही. कुठे मारायचा हे उभं राहीपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. चेंडू एका खोलगटात पडला. तिथेही गाठ, दवाने भरलेली.

वहिनी म्हणते, जागेचा राखणदार असेल, नारळ द्या. मी म्हटलं, राखणदार डावखुरा असल्याचं मी ऐकलेलं नाही. पण परवा तुळसा आपण होऊन अंगणात आली आणि म्हणाली, "सयाजीदादा, तुमचा तो मानूस लय येरवाळी उभा ऱ्हातो वो माळाच्या टोकाला. एवढ्या थंडीत नुसता सदरा. हात असा कपाळावर. म्या हाळी घातली, तर वळला बी नाय." आणि मग हळूच, वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून, "त्याचं पाय दिसलं नाय मला." मी तिला समजावून सांगितलं की नदीवरचं धुकं सकाळी गुडघ्याएवढं माळावर चढतं, त्यात कुणाचेच पाय दिसत नाहीत, तुझेही दिसत नसतील. ते तिला पटलं. मग मी एकच विचारलं, तो खोकत होता का? ती म्हणाली, "नाय. अक्शी गप." महिपती, तुझ्या खोकल्याला मी कंटाळलो होतो. गणपतीत रात्रभर झोपू दिलं नाहीस. पण ते ‘नाय’ ऐकल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही.

काल संक्रांत होती, तरी महाडला गेलो आणि तिथून पायी तुमच्या नाते गावाला. तुझ्या घराला कुलूप, कुलपाला गंज. शेजारच्या ठकूबाईने तिळगूळ दिला आणि म्हणाली, "मुंबयसनं सांगावा नाय, आन् काय वंगाळ असतं तं तार आली असती रे बाबा." परत येताना महाडच्या तार ऑफिसच्या पायरीवर मी बराच वेळ उभा होतो. तुला तार करणार होतो. पण तारेला उत्तर तारेनेच येतं, आणि आपल्याकडे तार घेऊन शिपाई घराकडे वळला की आतल्या बाया भाकरी तव्यावर टाकून बाहेर येतात. मी पायरी उतरलो. मुरारीही शिमग्याशिवाय येणार नाही. राहता राहिलं पत्र.

वर मी तिन्ही चेंडूंचं सगळं लिहिलं आणि खरा कोणता ते लिहिलेलं नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. विसरलेलो नाही. काल नाते गावाहून चालत येताना निकाल मनाशी पक्का झाला. तो मी कुणाला सांगितलेला नाही, वहिनीलाही नाही, आणि इथेही लिहिणार नाही. तो हवा असेल तर तुला पोस्टकार्ड टाकावंच लागेल, आणि तेवढ्यासाठी हे पत्र लिहायचं असं मी रात्रीच ठरवलं होतं. आज सकाळी डबा फडताळात ठेवून रिकाम्या हाताने माळावर गेलो. रोज तीन गाठी असतात. आज वारुळाशी नव्हती. कातळापलीकडे नव्हती. एकच होती, करवंदीच्या जाळीअलीकडे, उलट्या पिळाची, सगळं दव जागच्या जागी. मी तिला बोट लावलं नाही. तू बरोबर ओळखलंस, महिपती. तरीही विचार. ठाऊक नसल्यासारखं विचार. पोस्टाने विचार, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात. दोन ओळी पुरेत. चेंडू पुढे आले आहेत, तू मागाहून येणार होतास. तू मागाहूनच ये.

तुझाच,
सयाजी