भेर्ली माड आणि अजेयची जिरवणे

१२ एप्रिल
आजपासून अजेयची जिरवायची. ठरलं. लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर माझा राग दुपारच्या झोपेत जातो.
कारण : माझ्या बांधावर शोभेचा भेर्ली माड आहे. गेल्या वर्षी शेजारच्या ह्या अजेयने आपल्या लॉजच्या पाहुण्यांसमोर त्याच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, भाऊ, तोडून टाका हो ह्याला, ह्याचं काही खरं नाही. माझ्या माडाला! तेव्हापासून बोलणं बंद.

१३ एप्रिल, सकाळ
गोदूने बातमी आणली. (बायकोचा एवढा एक उपयोग.) अजेयच्या मुलीचं, आश्लेषाचं लग्न, नऊ मे, दारातच. म्हणजे मांडव. आणि आमच्या आळीत मांडवाच्या दाराला भेर्ली माडाची पानं आणि झुंबरं लागतातच. आळीत भेर्ली माड एकच. माझा.
अजेयला माझ्या दारात यावंच लागणार. मी नाही म्हणणार. पायरीवरूनच.

१५ एप्रिल
माडाचं इन्स्पेक्शन. ओळखायला सोपा. पान माशाच्या शेपटीसारखं, टोकाला कुरतडल्यागत. खोडावर कडी. फुलांचं झुंबर म्हणजे बाईने न्हाऊन मोकळे सोडलेले केस.
नारळ-पोफळीत जन्म गेला, पण इतकं समजूतदार झाड पाहिलं नाही. पहिलं झुंबर पार शेंड्यात आलं होतं. मग दरवर्षी खाली खाली. यंदाचं तर शिडीशिवाय हाताला लागतं. माझे गुडघे दुखतात हे त्याला कळतं.
शेंडा जरा वाळलाय. ऊन.

२२ एप्रिल
अजेय अजून आला नाही. लाजत असेल.
आरशासमोर नकाराची प्रॅक्टिस केली. गोदूने विचारलं, कुणाशी बोलताय? म्हटलं, फोन. ती म्हणाली, फोन माझ्या हातात आहे.

२७ एप्रिल
आश्लेषा पत्रिका घेऊन आली. पाया पडली. काका, तुम्ही यायचंच, म्हणाली. लहानपणी गळालेली झुंबरं डोक्यावर घेऊन ती माझ्या अंगणात नवरी व्हायची. गहिवरून आलं. आवरलं.
विचारलं, बाबांचा काही निरोप? नाही म्हणाली. मांडव पनवेलच्या डेकोरेटरला दिलाय, फुलं-पानं सगळी प्लॅस्टिकची.
प्लॅस्टिकची!

२८ एप्रिल
प्लॅन बी. भेर्ली माडाच्या पिकल्या फळांचा रस लागला की भयंकर खाज सुटते. लग्नाच्या सकाळी अजेयच्या खुर्चीला चोळायचा. व्याह्यांसमोर खाजवू दे. माझ्याच माडाकडून सूड. न्याय म्हणतात तो हाच.

८ मे, दुपार
गेल्या वर्षीच्या झुंबराची फळं पाट्यावर वाटली. हातमोजे घालायचे ठरलं होतं. राहून गेलं.
नाक खाजतंय. किरकोळ.

८ मे, संध्याकाळ
नाक, मान, पाठ. जिथे जिथे हात गेला तिथे. गोदू खोबरेल चोळते आणि हसते. वर पाटा घासायचा कुणी, म्हणून भांडते.

९ मे
लग्नावर बहिष्कार. तोंड सुजलंय त्याचा याच्याशी संबंध नाही.
गोदू जाऊन आली. मांडव छान होता म्हणे. अजेयने विचारलं, भाऊ का नाही आले? गोदूने सांगितलं. काय सांगितलं? तर, खरं ते.

२४ मे
माडाचा शेंडा गळून पडला. एक पान हिरवं नाही. खत घातलं, पाणी घातलं. शेवटी मोबाइलवर वाचलं. भेर्ली माड वरून खाली फुलत येतो. सगळ्यात खालचं झुंबर म्हणजे शेवटचं. मग झाड मरतं.
ह्याचं काही खरं नाही, ते हे होय. मग तेव्हाच नीट सांगायला काय झालं होतं? (पुढे काही सांगत होता. मी ऐकायला थांबलो नव्हतो.)
फार वाईट वाटलं. माड घराकडे कललाय. वाऱ्यात कौलांवर येईल. दोर लावून दुसरीकडे पाडायचा, तर मोकळी जागा एकच : अजेयचं अंगण.

२६ मे
गेलो. अजेयच्या दारात. पायरीवरच थांबलो. आरशासमोर पाठ केलेलं एकही वाक्य कामाला येईना, सगळी नकाराची होती.
त्याने आत नेलं. चहा दिला. पाडा हो भाऊ, अंगण तुमचंच, म्हणाला. गेल्या वर्षीचं काढलं नाही. खाजेचं तर नाहीच. मनात म्हटलं, गोदूने सगळं सांगितलेलं दिसत नाही.
निघताना तो आत जाऊन हातमोजे घेऊन आला. म्हणाला, झुंबर उतरवताना लागतील. चेहऱ्यावर काही नाही.
घरी येऊन घालून पाहिले. मापाचे आहेत.