आईचा राखाडी आवाज

९ जानेवारी

आज पुन्हा तेच! आईचा फोन आला, मी धावत जाऊन उचलला - आणि पलीकडे नुसती पोकळी. मधूनच एखादा तुकडा वर यायचा, "...लीस का...", आणि पुन्हा बुडायचा. मी आपली "हॅलो, हॅलो, आई, मोठ्यानं बोल" करत राहिले. मोठ्यानं बोल! जिला मोठ्यानं बोलता येत नाही तिला! शेवटी तिनंच फोन ठेवला. मग मेसेज - "जेवलीस का एवढंच विचारत होते."

घशाच्या ऑपरेशननंतर तिच्या बोलण्यातला नाद गेला. राहिली ती सरसर, कुणी कागदावर हात फिरवावा तशी. समोर बसलं की सगळं कळतं, टोमण्यांसकट. फोनवर मात्र काही म्हणजे काही पोचत नाही.

आणि मी पोटासाठी करते काय? तर माणसाचा आवाज फोनवर स्वच्छ ऐकू यावा, हेच! हसू की रडू.

१३ जानेवारी

समोरच्यांची नवी जाहिरात आली. ऑफिसात सुतक.

समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडची कंपनी. तिचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या जुन्या बायकांसारखे आम्ही सगळे - "समोरचे". फोन तेही करतात, आम्हीही करतो. फरक इतकाच की त्यांचा प्रत्येकाच्या हातात असतो आणि आमचा आमच्या नातेवाइकांच्या. रस्त्याकडचे पडदे आम्ही कधी उघडत नाही, फळ्यावरचं त्यांना दिसेल म्हणून. खाली कॉफीला जाताना गळ्यातलं ओळखपत्र उलटं करायचं. तेही करतात. रांगेत सगळे कोऱ्या पाठीचे, आणि कोण कुणाचं ते सगळ्यांना ठाऊक!

जाहिरातीत एक माणूस रस्ता फोडणाऱ्या यंत्राशेजारी उभा राहून बोलतो. यंत्राचा मागमूस नाही. आमचे घाईसाहेब (लिफ्टची वाट बघवत नाही म्हणून पाच मजले जिन्यानं येतात) धापा टाकत म्हणाले, "आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त शांतता हवी. मेपर्यंत."

संध्याकाळी धाकट्याचा मेसेज. माझा भाऊ समोरच्यांकडे विक्रीत आहे. "ताई, जाहिरात पाहिलीस? रुमाल पाठवू का?"

मेला!

१९ जानेवारी

आईकडे जाऊन आले. तिला विचारून तिचा आवाज रेकॉर्ड करून घेतला, आमच्या फोनवर. खुर्चीत ताठ बसली, चष्मा पुसला, पेपरातलं पहिलं पान वाचलं. मग हवामान वाचलं. मग मी थांब म्हणेपर्यंत "वधू पाहिजे"सुद्धा वाचलं. "एवढ्या अटी! हिला घरात आणून देवघरात ठेवणार आहेत का," असं मधेच. तेही रेकॉर्ड झालं.

तिचा फोन समोरच्यांचा. धाकट्यानं दिलेला. मी म्हटलं, तुला आमचा देते. तर म्हणे, "त्याला काय वाटेल? आणि हा मला कळतो गं. आता नवीन शिकवू नकोस."

निघताना दारात म्हणाली, "मी नाही करत हल्ली फोन. तुम्हालाच त्रास." सहज म्हणाली. रस्ताभर मला तेच ऐकू येत राहिलं.

२१ जानेवारी

आज नुसता राग राग झालाय.

गोंगाट गाळायला फोनमध्ये घालतो त्या आमच्या मशीनला आईचं बोलणं ऐकवलं. पडद्यावर माणसाचा आवाज हिरवा दिसतो आणि गोंगाट राखाडी. राखाडी ते फोन पुसून टाकतो. आई अख्खी राखाडी! पहिल्या शब्दापासून "देवघरात"पर्यंत. एक हिरवा ठिपका आला तो शेवटी, तिनं भांडं खाली ठेवलं तेव्हा! म्हणजे भांडं माणूस आणि आई गोंगाट.

कानसेननं हेडफोन काढले. खरं नाव काहीही असो, एवढ्या बारीक कानाच्या पोराला दुसरं काय म्हणणार. हळूच म्हणाला, "मॅडम, त्याला वाटतंय काकू म्हणजे पंखा."

आणि का वाटतंय तेही कळलं. हे मशीन आम्ही हजारो माणसांचे आवाज ऐकवून शिकवलं. पण ऐकवण्याआधी ते आवाज निवडले. आमच्याकडे पहिल्यापासून शिस्त - नमुना स्वच्छ हवा. घोगरा, काढा. खोकला, काढा. कापरा, म्हातारा, दम लागलेला, काढा, काढा! आम्ही धान्य निवडावं तसे माणसं निवडत बसलो. मशीन बिचारं आयुष्यात एकाही म्हाताऱ्या घशाला भेटलेलं नाही. त्यानं ओळखावं तरी कसं?

समोरच्यांचंही असंच असणार. शिस्तीचे तेही पक्के.

२४ फेब्रुवारी

महिनाभर पान उघडलं नाही. काढून टाकलेले सगळे आवाज कानसेन आणि मी परत आत घेतोय. काय काय माणसं! एक शिक्षक आहेत, तीस वर्षं वर्गात ओरडून घसा फाटलेले. एक बाई नुकत्या रडून आल्या असाव्यात. एक आजोबा दर वाक्याला "माफ करा हं" म्हणतात - खोकल्याबद्दल! त्यांना मनातल्या मनात म्हटलं, आजोबा, माफी आम्ही मागायची.

६ मार्च

"हे काय चाललंय बाई तुमचं?" - घाईसाहेब.

आमच्या नव्या मशीनमध्ये मागची थोडी सरसर राहते. पंखा अगदी नाहीसा होत नाही. त्यांनी तेवढंच ऐकलं. "समोरच्यांच्यात पंखा राहत नाही!"

मी म्हटलं, "त्यांच्यात माझी आईही राहत नाही."

तोंडातून गेलं खरं. मग आईचं रेकॉर्डिंग लावलं. आधी जुन्या मशीनमधून - शांतता. सुरेख, जाहिरातीसारखी शांतता. मग नव्यातून - "हिला घरात आणून देवघरात ठेवणार आहेत का."

साहेब हसले. मग हसता हसता थांबले. "पुन्हा लावा जरा जुनं," म्हणाले. शांतता ऐकली. उठून बाहेर गेले. आणि कानसेननं मला कोपरानं ढोसून दाखवलं - साहेब लिफ्टची वाट बघत उभे होते!

७ मार्च

"घाला," साहेब म्हणाले. म्हणजे नवं मशीन फोनमध्ये. एकच शब्द!

२ एप्रिल

आई हिरवी झाली!!

पूर्ण हिरवी, काठापासून काठापर्यंत, आणि पंखाही आटोक्यात. फोन आता पहिल्या काही बोलण्यांत मालकाचा घसा ओळखून घेतो आणि मग सोडत नाही. आवाज तपासायच्या त्या फोमच्या भिंतींच्या खोलीत मी आणि कानसेन चक्क नाचलो. तिथे पावलांचासुद्धा आवाज होत नाही. मुक्यानं नाचलो!

१८ मे

फोन बाजारात गेला. समोरच्यांचा नवा त्याच आठवड्यात, मुद्दाम. त्यांच्या फलकांनी चौक झाकून टाकला आहे. आमचा एक फलक आहे, झाडामागे.

आता सगळं खोकेवाल्यावर. फोनची खोकी उघडून पडद्यावर दाखवणारा तो मुलगा. त्यानं बरा म्हटला की लोक दुकानात जातात, नाक मुरडलं की संपलं. त्याला दोन्ही फोन पोचलेत. आणि बातमी अशी की तो आजारी आहे, सर्दी-खोकला. म्हणजे उशीर. घाईसाहेब जिन्यात खाली-वर, खाली-वर.

२२ मे

देवा! काय दिवस!

खोकेवाला आजारपणातच पडद्यावर आला. घसा पार बसलेला, बेडकासारखा. आपल्या घराखाली रस्त्यावर उभा राहून त्यानं आधी समोरच्यांच्या फोनवरून आपल्या बहिणीला फोन लावला. पलीकडून ती - "हॅलो? कोण? आवाज नाही येत रे!" मग आमच्यावरून. ती लगेच - "शी, किती घोगरा झालायस! औषध घेतलंस का?"

बस्स. एवढंच. "औषध घेतलंस का!" तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हा फोन मला ऐकतोय." मग खोकला. तो खोकलाही स्वच्छ ऐकू आला!

आमच्याकडे आरडाओरडा, टेबलं बडवणं. कुणीतरी म्हणालं, त्याच्या सर्दीला हार घाला. आणि घाईसाहेबांनी काय करावं - रस्त्याकडचा पडदा दोन्ही हातांनी खसकन ओढून उघडला! इतक्या वर्षांचा तो काळोख, एकदम सगळी खोली उजेडानं भरली. समोरच्या खिडकीत कुणीतरी कप घेऊन उभं होतं. आम्ही हात केला. त्यानंही केला, बिचाऱ्यानं.

धाकट्याला मेसेज टाकला - "रुमाल पाठवू का?"

उत्तर नाही. आज चालेल!

७ जून

नवा फोन घेऊन आईकडे. खोक्यातून काढला, तिच्या हातात दिला, म्हटलं बोल थोडं. थोडं! दोन मैत्रिणी, वाणी, जावेची जाऊ - सगळ्यांना लावून झाले. आणि कुणी "हॅलो हॅलो" करेना! तिचा चेहरा बघत बसले मी. बोलता बोलता ती एकीकडे खिडकीतली धूळ पुसत होती, पूर्वीसारखी. पूर्वीसारखी!

मग धाकट्याला लावला. "काय रे, बारीक झालास की तसाच आहेस?" पलीकडून आवाजच नाही. मला वाटलं, फोन कटला. मग तो म्हणाला, "आई?" लहानपणी म्हणायचा तसा. मग घाईघाईनं, "ताईला सांग, नंतर बोलतो." ठेवला.

रुसला, दुसरं काय. समोरच्यांचा आहे ना.

निघताना बघते तो फोन परत खोक्यात, खोकं कपाटात, साड्यांच्या खाली. "छान आहे गं. जपून ठेवलाय. पण रोजच्याला माझा तोच बरा." कपाळावर हात मारला मी. सगळ्या जगाला ऐकू येतंय आणि आई साड्यांखाली!

३० ऑगस्ट

गेल्या तीन महिन्यांत समोरच्यांपेक्षा आमचे फोन जास्त खपले. पहिल्यांदाच! खाली कॉफीच्या रांगेत मी ओळखपत्र सुलटं ठेवलं. कानसेननंही. मागं वळून बघितलं, आमचे सगळेच सुलटे! समोरच्यांतली एक मुलगी माझं कार्ड वाचून म्हणाली, "माझ्या आजीला तुमचाच घेतला. आमच्याकडे सांगू नका हं."

तरंगत वर आले.

आईचं मात्र तेच. मेसेजवर बोलणं. कपाटातलं खोकं उघडायला तयार नाही. लिहिते - "धाकटा दोनदा येऊन गेला. बरा आहे." मला तो फोन करत नाही. जिंकण्यात हे एवढं टोचतं. मी तरी रुमालाचं लिहायला नको होतं.

१४ ऑक्टोबर

समोरच्यांनी उचललं! त्यांच्या सगळ्या फोनांमध्ये, जुन्यांतसुद्धा, कालपासून आपोआप आलं - "आता प्रत्येक आवाज ऐकू येईल." आमचंच! वर वाक्यही आमच्यासारखंच. घाईसाहेब लालबुंद. "चोर आहेत, चोर!" पडदा पुन्हा ओढला. पुन्हा ट्यूबलाइट, पुन्हा कुजबुज. कानसेन म्हणाला, "मॅडम, एवढ्या लवकर जमलं कसं त्यांना? म्हातारे घसे आणले कुठून?"

मला रडायला यायला हवं होतं. नुसतीच दमल्यासारखी झाले.

१५ ऑक्टोबर

दुपारी ऑफिसात फोन वाजला. आई. मेसेज नाही - फोन! तिच्या त्याच जुन्या, समोरच्यांच्या फोनवरून.

"जेवलीस का?"

अख्खं. प्रत्येक अक्षर, प्रत्येक सरसर.

"अगं, धाकट्यानं सांगितलं आता लावून बघ. अख्खा पावसाळा येत होता, माझ्याकडून पेपर वाचून घेत होता, गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना गोळा करून त्यांच्याकडूनही. साहेबांशी भांडला म्हणे, आधी माझ्या आईला ऐका. ताईला सांगू नकोस म्हणाला, हसेल. म्हणजे आता तुझ्याकडेही मीच आणि त्याच्याकडेही मीच का गं? ...हॅलो?"

मी उठून पडदा उघडला. बोलायचं होतं, खूप.

"हॅलो? हॅलो? अगं मोठ्यानं बोल! तुझा आवाज येत नाहीये!"